विसावं नाव

मृदुला आगाशे घाबरट होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पालीला घाबरायची, एस.टी.च्या कंडक्टरला घाबरायची, आणि आपण घाबरलोय हे कुणाच्या लक्षात येईल की काय, याला तर सगळ्यात जास्त घाबरायची. अशा मुलीने बी.एड. करून मास्तरीण व्हायचं ठरवलं, तेव्हा वाईच्या घरात तिच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं होतं. "वर्षभर बघ," ते म्हणाले होते, "नाही झेपलं तर निमूट परत ये. पुढचं मी ठरवीन." पुढचं काय, हे मृदुलाला ठाऊक होतं. साताऱ्याचे एक विधुर वकील दोनदा चहाला येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी तिला तिचं वय विचारलं होतं.

म्हणून बहात्तर सालच्या जूनमध्ये, शाळेच्या पहिल्या दिवशी, ती चिंचवडच्या मावशीच्या घरून तासभर आधी निघाली आणि आकुर्डीच्या हायस्कुलात पोचून पाच मिनिटांत हरवली. शाळा नवी. चार खोल्या पक्क्या, बाकी सगळ्या पत्र्याच्या शेडी, एकीसारखी दुसरी. आठवी ब कुठे, हे विचारायला तोंड उघडेना. जिथून आवाज येत होता त्या शेडीत वर्ग असणार, असं मनाशी धरून ती आत शिरली.

आत तेलाचा आणि घासलेल्या लोखंडाचा वास होता. एक उंच, सावळा तरुण लाकडी टेबलाशी उभा राहून एका हाताने काहीतरी साफ करत होता. मृदुला आत शिरली खरी, पण हा वर्ग नव्हे हे कळताच गर्रकन वळली... आणि तिचा पदर टेबलावरच्या लोखंडी पकडीच्या दांड्यात अडकला.

"हलू नका," तो म्हणाला. "फाटेल."

ती हलली नाही. तो जवळ आला, उजव्या हाताने दांडा सावकाश फिरवायला लागला. डावा हात मात्र पँटच्या खिशात. दोन हात लावले असते तर काम चटकन झालं असतं, पण साहेबांना तेवढीही तसदी नको! केवढा हा टेच, असं मृदुलाच्या मनात आलं आणि भीतीच्या जोडीला थोडा रागही आला.

"आठवी ब..." ती कसंबसं म्हणाली.

"इथे नाही. इथे यंत्रं असतात. नव्या संस्कृतच्या बाई का तुम्ही?" पदर सुटला. "घाबरलात?"

"नाही."

"मग पदर का थरथरतोय?"

तिने पदर खांद्यावर ओढला आणि उत्तर न देता बाहेर पडली. मागून तो म्हणाला, "डावीकडे वळा, चपलांच्या ढिगाशी थांबा." आणि खरंच, आठवी बच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता. रहाटणी, पिंपळे सौदागर, आकुर्डीच्या चाळी, कुठून कुठून आलेली छप्पन्न मुलं. सातवीपर्यंत गावच्या शाळेत सतरंजीवर बसलेली. इथे बाकं आहेत हे पाहूनही त्यांनी चपला बाहेरच काढल्या होत्या, आणि बाकांवर मांड्या घालून बसली होती. नवी शाळा, नवा वर्ग, कुणी कुणाच्या ओळखीचं नाही. छप्पन्न चेहरे तिच्याइतकेच भेदरलेले होते, पण ते तिला त्या दिवशी दिसलं नाही. तिने हजेरी घ्यायला सुरुवात केली आणि चौथ्या नावाला तिचा आवाज बसला. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. उरलेला तास तिने फळ्याकडे तोंड करून काढला.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक देव सरांनी तिला बोलावून घेतलं. मधुसूदन देव तसे सज्जन, पण वाईट बातमी सांगताना टेबलावरची टाचणी उचलून तिच्याकडे बघत बोलायचे. त्यांनी टाचणी उचलली. आठवीपासून मुलांनी एक विषय निवडायचा असतो, ते म्हणाले. संस्कृत, नाहीतर टेक्निकल. छापील निवडपत्रं वाटली आहेत, पंधरा जुलैपर्यंत पालकांच्या सहीने परत येतील. संस्कृतला निदान वीस नावं आली तर मृदुलाची जागा राहील. वीस नाही झाली तर निम्मं हिंदी, निम्मं संस्कृत असा जोडविषय हिंदीच्या बाई शिकवतील आणि मृदुलाची जागा जुलैअखेर बंद.

"आणि टेक्निकल कोण शिकवतं?" तिने विचारलं.

"आपले घाडगे. ज्योतीराम घाडगे. कंपनीत होते, हुशार माणूस. आजूबाजूला सगळे कारखानेच, तेव्हा पोरांचा ओढा तिकडेच असणार... बघा काय होतंय ते."

म्हणजे खिशात हात घालून उभा राहणारा तो टेचदार माणूसच तिचा प्रतिस्पर्धी होता.

पहिला आठवडा तसाच गेला. आवाज रोज बसायचा. शेवटी शनिवारी ती व्हरांड्यात एकटी उभी असताना घाडगे सर चहाचे दोन पेले उजव्या हाताच्या बोटांत अडकवून घेऊन आले आणि एक तिच्यापुढे धरला.

"बाई, तुम्ही ओरडता," तो म्हणाला. "म्हणून आवाज बसतो. कंपनीत पन्नास मशिनी चालू असताना आम्ही बोलायचो. तिथे ओरडून भागत नाही. आवाज खाली घ्यायचा आणि एकाच माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायचं."

"छप्पन्न आहेत हो."

"असू देत ना. तुम्ही मागच्या बाकावरच्या एकाशीच बोला. बाकीच्यांना वाटतं, त्याला काहीतरी खास सांगताय, आपणही ऐकावं."

तिला वाटलं, चेष्टा करतोय. पण सोमवारी तिने करून पाहिलं. मागच्या बाकावर किसन नावाचा एक काटकुळा मुलगा बसायचा, पहिल्या दिवशी हसलेला तोच. ती फक्त त्याच्याशी बोलली, हळू. आणि वर्ग गप्प झाला. चाळीस मिनिटं तिचा आवाज टिकला. तास संपवून बाहेर आली तर समोरच्या शेडीच्या दारात तो उभा होता. त्याने नुसत्या भुवया उंचावल्या. तिने मान हलवली आणि दोघंही उगीच हसले.

मग रोजचं काहीतरी सुरू झालं. तिच्या वर्गात मुलं ‘देवः देवौ देवाः’ म्हणायला लागली की समोरच्या शेडीतल्या, लोखंड घासायच्या कानशींची घासघूस आपोआप त्याच ठेक्यावर यायची. एकदा त्याने विचारलं, कानशीला संस्कृतात काय म्हणतात? तिने दोन दिवस शोधलं, सापडेना. तसं सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या भाषेत आमचं दुकानच नाही."

"दुकान नसलं तर काय झालं... गिऱ्हाईक होता येतं की."

बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. हे आपण बोललो? "मला आठवीत संस्कृत घ्यायचं होतं," तो म्हणाला. "बापूंनी, म्हणजे वडिलांनी, टेक्निकलवर अंगठा उठवला. गिऱ्हाईक तेव्हाच हुकलं."

त्या वर्षी पाऊस नुसता ढग दाखवून जात होता. दुष्काळ पडणार असं जो तो म्हणत होता. मृदुलाच्या डोक्यात मात्र दुसरंच वादळ. हा माणूस तिला आवडायला लागला होता. त्याचं हळू बोलणं, चहाचा पेला पुढे करताना खाली बघणं, सगळंच. आणि याची तिला पालीपेक्षा, कंडक्टरपेक्षा, सगळ्यांपेक्षा जास्त भीती वाटत होती. दादांना काय सांगणार? आगाशांच्या घरात घाडगे? शिवाय त्याचा तो डावा हात. कायम खिशात. तिच्याशी बोलतानाही कधी बाहेर आला नाही. तिला वाटायचं, एवढी जवळीक वाढली तरी हा माणूस अर्धा दूरच उभा आहे.

जुलै उजाडला तेव्हा संस्कृतला अकरा नावं होती.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते, म्हणून पालक गुरुवारी शाळेत यायचे. पहिल्या गुरुवारी पाच-सहा बायका आल्या. पुढे दुर्गाबाई, किसनची आई. किसनचे वडील प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर कामाला होते. दुर्गाबाईंनी निवडपत्राची घडी हातात गच्च धरली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या पुढे सरकल्या आणि आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "बाई, एक इचारू? त्या घाडगे सरांची बोटं मशिनीनंच नेली ना?"

मृदुलाला आधी कळेचना. मग एकदम सगळं कळलं. पदर सोडवताना एकच हात. एका हातात दोन पेले. तिला बसावंसं वाटलं, पण जवळ खुर्ची नव्हती.

"तीन बोटं गेली म्हनत्यात," दुसरी म्हणाली.

"आमच्या ह्यांचं येक बोट गेलंय," दुर्गाबाई म्हणाल्या. "आता पोराला पन तितंच धाडायचं का? तुमी शिकलेल्या हाय. टेक्निकलात पोरांच्या हाताला धोका हाय का न्हाई, तेवढं सांगा."

आता इथे खरं सांगायला हवं. मृदुलाला माहीत होतं की आठवीची मुलं वर्षभर फक्त कानस चालवतात. यंत्राला हात लावायला त्याने सक्त मनाई केलेली आहे, हे त्यानेच तिला चहा पिताना सांगितलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे साताऱ्याचे वकील आले, दादांचा चष्मा आला, अकरा हा आकडा आला... आणि ती काहीच बोलली नाही. हजेरीपट उघडला, मिटला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्या निघून गेल्या. गप्प राहण्याचा जो अर्थ निघतो तो त्यांनी बरोबर काढला होता.

शनिवारी नऊ निवडपत्रं आली. नऊही कागदांवर ‘टेक्निकल’ खोडून वर ‘संस्कृत’ लिहिलेलं. अकरा आणि नऊ, वीस. देव सरांनी टाचणीला हात न लावता तिचं अभिनंदन केलं.

त्या दिवशी चहाला घाडगे सर आले ते पहिल्यांदाच दोन्ही हातांत पेले घेऊन. डावा हात त्यांनी टेबलावर ठेवला. अंगठा होता, करंगळी होती, मधे गुळगुळीत झालेली कातडी.

"आता लपवून काय करायचं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. "बायका घरोघर सांगत फिरतायत. संस्थेने दुसरं लेथ यंत्र द्यायचं कबूल केलं होतं, पोरं घटली तसं तेही राहिलं. तुमची वीस झाली ना? चांगलं झालं."

"घाडगे सर..."

"तुम्हाला दिसू नये असं फार वाटायचं मला. बाकी कुणाचं काही नाही."

तो उठून गेला. तिचा चहा तसाच राहिला.

पुढचे चार दिवस मृदुलाने ताट अर्धवटच सारलं. त्याला सांगावं तर तो तोंड बघणार नाही. न सांगावं तर आपलंच तोंड आपल्याला बघवत नाही. मावशीने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. पुढच्या गुरुवारी पालकसभा होती. सभेत देव सर बोलले, आणखी कुणीतरी बोललं, आणि आभार मानायच्या आधी मृदुला उभी राहिली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. समोर दीडशे माणसं होती. तिने त्यांतल्या दुर्गाबाईंना शोधलं आणि आवाज खाली घेतला.

"दुर्गाबाई, तुम्ही मला गेल्या गुरुवारी एक विचारलं होतं. मला उत्तर माहीत होतं. पण मला वीस नावं हवी होती, म्हणून मी गप्प राहिले. ते चुकलं माझं. आठवीच्या मुलांना घाडगे सर मशीनला हात लावू देत नाहीत. विश्वास नसेल तर आत्ता माझ्याबरोबर शेडीत चला."

देव सरांचा हात टाचणीकडे गेला. घाडगे सर भिंतीशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली होती. आणि बायका खरंच उठल्या.

शेडीत त्याने त्यांना सगळं दाखवलं. कानशी, पकडी, दोरी बांधून कुलूप घातलेलं एकुलतं एक लेथ. मग आपला हात वर धरला. डबल शिफ्ट होती, तो म्हणाला, माल लवकर काढायचा म्हणून मशीनपुढची, हात वाचवणारी जाळी आपणच काढून ठेवली होती. दोन वर्षं मशीनवर काढल्यावर भीती मेली होती. "म्हणून मी पोरांना पहिलं भ्यायला शिकवतो. भिणारा माणूस जाळी काढत नाही."

बायकांनी ऐकलं, चुकचुकल्या आणि एकेक करून तशाच परत फिरल्या. एकदा मनात शिरलेली भीती काही दहा मिनिटांत निघत नाही. मागे राहिल्या फक्त दुर्गाबाई. आईच्या मागोमाग आलेला किसन कानशीच्या मुठीवर हात ठेवून उभा होता. दुर्गाबाईंनी मृदुलाच्या हजेरीपटातलं त्याचं निवडपत्र मागून घेतलं आणि पेन तिच्याच हातात दिलं.

"आता तुमी म्हनाल तसं. काय लिवायचं?"

विसावं नाव. मृदुलाला ते माहीत होतं, लेथशी उभ्या असलेल्या घाडगे सरांनाही माहीत होतं. तो पटकन म्हणाला, "राहू द्या बाई, संस्कृतच असू दे त्याचं." पण या वेळी ती गप्प बसली नाही.

"किसन, तुला काय हवंय?"

किसनने बाईंकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि कानशीची मूठ सोडली नाही. मृदुलाने ‘संस्कृत’ खोडलं, ‘टेक्निकल’ लिहिलं आणि पेन दुर्गाबाईंना परत दिलं. अक्षर वाकडं आलं होतं, पण वाचता येत होतं.

एकोणीस. नियम वीसचा. देव सरांनी फार वेळ टाचणी फिरवली आणि शेवटी म्हणाले, संस्थेची चाकणला नवी शाखा आहे, तिथेही आठवी उघडली आहे, मराठी शिकवायला कुणी नाही. एक ऑगस्टपासून जा. मार्चपर्यंतच आहे जागा, पुढचं पुढे. म्हणजे पुन्हा नवी शाळा, पुन्हा अनोळखी वर्ग.

जुलैच्या शेवटच्या दिवशी ती शिक्षकखोलीतलं आपलं कपाट आवरत होती. पंधरा दिवसांत तो तिच्याशी कामापुरतं बोलला होता. आपण केलं ते माफ करण्यासारखं नाही, हे ती धरून चालली होती. पावलं वाजली तरी तिने मान वर केली नाही.

"बाई, हे एक निवडपत्र राहिलं होतं."

"मुदत संपली, घाडगे सर. आणि आता मी इथली नाही."

"बघा तर खरं."

तिने कागद घेतला. विद्यार्थ्याचे नाव – ज्योतीराम बापू घाडगे. इयत्ता – आठवी. वय – सव्वीस. निवडलेला विषय – संस्कृत. आणि खाली, ‘पालकाची सही किंवा अंगठा’ असं छापलेलं होतं तिथे, एक निळा, ठसठशीत अंगठा.

"वडील कधीच गेले," तो म्हणाला. "आईचा आहे."

त्याच्या आईबद्दल, रुक्मिणीबाईंबद्दल, मृदुलाने ऐकलं होतं. मुलाचा हात गेल्यापासून त्याच्या ताटातली भाकरी त्या अजून स्वतः कुस्करून द्यायच्या.

"त्यांना... वाचून दाखवलंत?"

"सगळं. कशासाठी आहे, तेही. तुम्ही गप्प राहिलात ते सांगितलं, नंतर बोललात तेही सांगितलं."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाली, पोरगी भित्री हाय म्हणतोस, मंग मशिनीपशी आली कशी? मी म्हटलं, चुकून आली." तो थांबला, हसला. "म्हणाली, अशी चूक करणारी पुन्हा घावायची न्हाई. आण शाईचं भांडं."

बाहेर कंपनीचा भोंगा झाला. पहिली पाळी सुटली. मृदुलाचे डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम.

"तुम्ही रागावला होतात ना?"

"रागावलो होतो की. आठ दिवस पुरेपूर. मग आठवलं, दीडशे माणसांत उभं राहताना तुमचा पदर कसा थरथरत होता ते. तरी उभ्या राहिलात." त्याने कागदावर बोट ठेवलं. "वर्गशिक्षिकेची सही राहिलीय. चाकणची एस.टी. रोज साडेपाचला परत येते. मी स्टँडवर असेन. शिकवणी तिथेच घ्या."

"दादांना पत्र लिहावं लागेल मला," ती म्हणाली. "मला फार भीती वाटतेय."

"वाटू दे. म्हणजे नीट लिहाल."

तिने पेन उघडलं. खिडकीतून वारा येत होता, कागद सारखा उडत होता आणि सही जमेना. तेव्हा त्याने डावा हात पुढे केला आणि कागद टेबलावर दाबून धरला. मृदुलाने त्या हाताशेजारी सावकाश, पूर्ण नावाने सही केली. तारीख घातली. सही वाळली तरी त्याने हात उचलला नाही, आणि तिनेही आपला हात मागे घेतला नाही.